रबराचे तीन तुकडे

धर्मपाल तायडेनं एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं डिझेल इंजिनं उघडली आणि बसवली, पण एवढ्या वर्षांत माणसांबद्दलचं त्याचं मत काही सुधारलं नाही. ड्रायव्हरांबद्दलचं तर नाहीच नाही. गिअर मोडतात तेच, आणि आपोआप मोडला म्हणून सांगतातही तेच, असं तो म्हणायचा. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. तरी अकोल्याच्या चौकातून एखादी गाडी काळा धूर सोडत गेली, की तो रस्त्याकडे पाठ करून उभा राहायचा.

अशा माणसाला शेखर गावंडेनं बोट दुरुस्त करायला बोलावलं.

अमरावतीच्या पुढं, खैरवाडीच्या धरणावर शेखरनं बोटिंग सुरू केलं होतं. बोट पंचवीस वर्षांची, कोकणातून ट्रकवर घालून आणलेली. इंजिन मागं लटकवलेलं नव्हतं, बोटीच्या पोटातच होतं, फळ्यांच्या झाकणाखाली. शेखरनं ते झाकण न उघडताच बोटीला वरून रंग दिला, कडेनं निळे लाइट लावले आणि दोन्ही बाजूंना सोनेरी गरुड चिकटवले. धर्मपालनं धक्क्यावर उभं राहून ते गरुड नीट पाहून घेतले.

"पाखरं झकास आहेत," तो म्हणाला. "इंजिन कुठं ठेवलं?"

शेखर खूश होऊन हसला. त्याला ते कौतुकच वाटलं.

"काका, दोन भानगडी आहेत," तो म्हणाला. "पंधरा मिनिटं चालली का इंजिन तापते, बजर वाजते. अन् गिअरचा काई भरोसा नाई. मांगच्या गुरुवारी धक्क्याले ठोकली. तीन मेकॅनिक येऊन गेले. एक म्हने गिअरबॉक्स नवा टाका."

"ठोकली कोनं?"

शेखरनं हनुवटीनं भगवंतकडे दाखवलं. भगवंत बोट चालवायचा. चाळिशी उलटलेला, धरणाच्याच पाण्यावर मासे धरत वाढलेला माणूस. बोटीच्या टोकाशी दोर गुंडाळत बसला होता.

"म्या दांडा मांगं ओढला जी," भगवंत म्हणाला. "पुरा ओढला. बोट पुढंच जाऊन राहिली होती."

"पेला असन," शेखर म्हणाला. "साऱ्या खैरवाडीले मालूम आहे."

"दोन वर्षं झाले, शिवलो नाई म्या."

धर्मपालनं हात झटकला. "चौतीस वर्षं हेच आयकून राहिलो मी. पुरा दाबला होता, पुरा ओढला होता. ड्रायव्हरचं कधी चुकतच नाई."

भगवंतनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा दोराकडे वळला.

धक्क्यावर माणिकबाई फुलांच्या दोन टोपल्या घेऊन बसली होती. पलीकडच्या काठावर तिचा झेंडू-शेवंतीचा मळा होता. बोट चालू असली की अर्ध्या तासात ती अलीकडे यायची आणि सहाआसनीनं अमरावतीचा बाजार गाठायची. बोट बंद असली की वळसा घालून बावीस किलोमीटर; आजही ती तशीच आली होती. गुरुवारच्या धडकेत तिचं मनगट मुरगळलं होतं, त्याला अजून पट्टी होती.

"मिस्त्री," ती म्हणाली, "म्या नेहमी मांगंच बसते. आधी त्या मांगच्या नळीतून धो धो पानी पडे. माहं लुगडं ओलं होये. आता महिना झाला, लुगडं कोरडंच राह्यते."

"मंग बरंच झालं ना मावशी," धर्मपाल म्हणाला. "धुवाचं काम वाचलं."

शेखर मोठ्यानं हसला. माणिकबाई हसली नाही.

धर्मपालनं झाकण उघडलं आणि आधीच्या तिन्ही मेकॅनिकांची कारागिरी बघून त्याचं तोंड वाकडं झालं. एका नळीवर तारेचा वेढा. एक बोल्ट मूळचा, तर शेजारचा सायकलचा. कुणीतरी गळती थांबवायला साबण फासलेला. "हे हात होते का पाय?" तो पुटपुटला. ऐकायला शेखरच होता, आणि तो मोबाइलवर या सगळ्याचा व्हिडिओ काढत होता.

इंजिन मात्र ओळखीचं निघालं. चार सिलिंडरचं साधं डिझेल, ट्रॅक्टरमध्ये बसावं तसलं. धर्मपालला धीर आला. तापतं म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारा थर्मोस्टॅट अडकला असणार, त्यानं ठरवून टाकलं. थर्मोस्टॅट काढून तो चहाच्या टपरीवर गेला, पातेल्यात पाणी उकळायला लावलं आणि त्यात तो सोडला. पाणी तापलं तसा थर्मोस्टॅट शहाण्यासारखा उघडला. थंड झाल्यावर मिटला. टपरीवाल्यानं पातेलं घासायला टाकलं, तेही धर्मपालकडे डोळे वटारून.

"मंग हेड गॅस्केट गेली," धर्मपालनं परतल्यावर जाहीर केलं. "हेड उतरवा लागते."

शेखरनं लगेच व्हिडिओत आपला चेहरा घेतला आणि सांगितलं की अकोल्याहून एक्स्पर्ट आले आहेत.

हेडला हात लावण्याआधी एक खात्री करायची धर्मपालची जुनी सवय. हेडखाली दाबून बसवलेली ही गॅस्केट गेली असली, की इंजिन थंड ठेवणाऱ्या टाकीतल्या पाण्यात बुडबुडे येतात. त्यानं टाकीचं झाकण उघडून इंजिन चालू करायला लावलं आणि गुडघ्यांवर बसून टाकीत पाहत राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक बुडबुडा नाही. बाराव्या मिनिटाला बजर वाजला. भगवंतनं इंजिन बंद केलं आणि पुन्हा दोर हातात घेतला. ते धर्मपालला चांगलंच झोंबलं.

उन्हं कलायला लागली होती. धर्मपाल बोटीच्या मागच्या कडेवर जाऊन बसला. शेखर विचारत होता, हेड कधी उतरवता, दोन माणसं बोलावू का. बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं, की आपण बसलो आहोत ती जागा माणिकबाईची. खाली धुराची नळी होती. तो म्हणाला, "भगवंत, पुन्हा लाव बरं एकडाव."

इंजिन लागलं. नळीतून धूर आला, वाफ आली आणि पाण्याची करंगळीएवढी धार.

एसटीच्या गाडीला रेडिएटर असतो, पंखा असतो, समोरून वारा लागतो. बोटीच्या पोटात कुठला वारा? तिथं धरणाचं पाणी पंपानं ओढून घ्यायचं, कूलरमधून फिरवायचं, त्यानं इंजिनातलं पाणी थंड करायचं आणि मागच्या नळीतून बाहेर टाकायचं. बाहेर पडतं किती, यावरच सगळं. हे धर्मपालला समजत नव्हतं असं नाही. सकाळी धक्क्यावर पाय ठेवला तेव्हाही समजत होतं. फक्त ते एका फूलवालीनं सांगितलं होतं.

त्याला स्वतःची शिसारी आली. इतकी, की समोर दुसरा कुणी मेकॅनिक असता तर त्यानं त्याच्या अंगावर पाना फेकला असता.

पाणी आत घेणारी जाळी त्यानं पाहिली, स्वच्छ होती. पंप उघडला. आतला रबरी पंखा कोरा करकरीत होता.

"हा कोनं बदलला?"

"पयल्या मेकॅनिकनं," भगवंत म्हणाला. "महिना झाला."

"जुन्याची पाती साबूत होती?"

"तीन नव्हती जी. तुटली होती."

"मंग ती तीन गेली कुठं?"

"म्या इचारलं होतं. तो म्हने, तू दोर सांभाळ."

धर्मपालनं मान खाली घातली आणि कूलरच्या टोकाचं झाकण सोडवलं. आतल्या बारीक नळ्यांच्या तोंडाशी काळ्या रबराचे तीन तुकडे चिकटून बसले होते आणि त्यांच्यामागं महिन्याभराचं शेवाळ साचलं होतं. त्यानं चिमट्यानं एकेक तुकडा ओढून काढला आणि शेखरच्या तळहातावर ठेवला.

"हे काय आहे?" शेखरनं विचारलं.

"तुमच्या तीन मेकॅनिकची अक्कल. प्रत्येकी एक." मग थोडं थांबून तो म्हणाला, "चौथा तुकडा असता तं तो माह्या नावचा."

कूलर साफ करून जोडला, इंजिन लावलं. मागच्या नळीतून पाणी असं धो धो पडलं, की बाजारातून परतून धक्क्यावर बसलेली माणिकबाई उठून उभी राहिली. वीस मिनिटं झाली, बजर गप्प होता.

आता राहिला गिअर. या वेळी धर्मपालनं आधी तोंड उघडलं नाही. भगवंतच्या हाताशी असलेल्या वरच्या दांड्यापासून येणारी केबल गिअरबॉक्सवरून सोडवली आणि तिथला छोटा दांडा हातानं हलवून पाहिला. पुढं, मध्ये, मागं. लोण्यासारखा फिरला. गिअरबॉक्सला काहीच झालं नव्हतं. मग केबल जोडून त्यानं भगवंतला सांगितलं, "वरचा दांडा मांगं ओढ. पुरा." आणि स्वतः टॉर्च लावून आत पाहत राहिला. वरचा दांडा पूर्ण मागं आला. आत मात्र केबलला धरून ठेवणारी पट्टी तुटलेली होती, त्यामुळे आतली तार सरकायच्या ऐवजी अख्खी केबलच सरकत होती. गिअरबॉक्सचा दांडा जागचा जेमतेम हलला.

म्हणजे गुरुवारी भगवंतनं दांडा पुरा ओढला होता, आणि बोट पुढंच जात राहिली होती.

पट्टी ठोकून-ठाकून नवी बनवायला अर्धा तास लागला. बोट पुढं गेली, मागं आली, जागच्या जागी थांबली. शेखर नाचायचाच बाकी होता. "म्या तं पयलेच म्हनलं होतं," तो म्हणाला, "गिअरबॉक्स चांगला आहे म्हून." मग त्यानं हात पुढं केला. "द्या काका चावी, एक राउंड मीच मारतो. व्हिडिओ घ्या लागते."

धर्मपालनं चावी भगवंतच्या हातात दिली.

"गावंडे," तो म्हणाला, "इतले दिवस ह्याले दारुडा म्हनून राहिले ना तुमी? आता साऱ्या खैरवाडीत फिरून सांगा, दारू केबल पेली होती म्हनून. हाही व्हिडिओ टाका."

शेखर हसू की रागावू या बेतात उभा राहिला. शेवटी त्यानं मोबाइल खिशात घातला आणि कुणाचा तरी फोन आल्यासारखा टपरीकडे निघून गेला. धर्मपालनं त्याच्या पाठीकडे पाहून पाण्यात थुंकायचं मनात आणलं. पण पाणी माणिकबाईच्या वाटेचं होतं, म्हणून गिळलं.

"काढू दे त्याले व्हिडिओ," तो भगवंतला म्हणाला. "अकलेचा कांदा आहे."

भगवंत चावीकडे पाहत होता. "सकाळी तुमीबी तेच म्हनले होते जी," तो म्हणाला. "ड्रायव्हरचं कधी चुकतच नाई."

आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. चौतीस वर्षांत किती ड्रायव्हरांना आपण असं परत पाठवलं, हे धर्मपालला आठवेना. आठवायचा प्रयत्न करावासाही वाटेना.

"म्हनलो होतो," तो म्हणाला. "चुकलो."

माणिकबाईनं रिकाम्या टोपल्या बोटीत ठेवल्या आणि आपल्या जागेवर बसली. धर्मपाल तिच्या शेजारी बसला, कारण त्याला पलीकडे पोचेपर्यंत नळीच्या धारेवर नजर ठेवायची होती. निम्म्यात गेल्यावर त्यानं तिच्या मनगटाची चौकशी केली. "बरं आहे," ती म्हणाली आणि तोंड पाण्याकडे फिरवलं.

परत आल्यावर त्यानं भगवंतला पंप कसा उघडायचा, पट्टीचे स्क्रू कधी आवळायचे ते दाखवलं. पंधरा दिवसांनी भगवंतचा अकोल्याला फोन आला. पंखा पुन्हा झिजल्यासारखा दिसतो, बदलू का, असं त्यानं विचारलं. धर्मपालनं आधी विचारलं, "पाती मोजली का?"

"मोजली जी. सारी जागेवर आहेत."

"मंग बदल," धर्मपाल म्हणाला, "तुले बराबर समजते."

"बदलतो जी," एवढंच म्हणून भगवंतनं फोन ठेवला.