बिल्डिंगमागचा माळ

नवरा सम्राट कंपनीत सेकंड शिफ्टला गेला की तेवढासा वन बीएचके एकदम मोठा व्हायचा. अंकिता भांडी घासायची, दोरीवरचे कपडे काढायची, दोन वर्षांच्या ऋतिकाशी बोलायची आणि पोरीचे शब्द संपले की स्वतःशीच बोलायची. कोरेगाव भीमाच्या अलीकडं, हायवेपासून आत, बोरमाळ नावाच्या गावाच्या शिवारात ह्या चार बिल्डिंगा उभ्या राहिल्या होत्या. माणसं ठासून भरलेली, पण दारं लावलेली. कुणी लातूरकडचं, कुणी बीडचं, कुणी पार बिहारचं. जिन्यात भेटलं तर हसायचं, आणि हसून झालं की चावी फिरवायची.

ऊन कललं की ती पोरीला घेऊन मागच्या माळावर जायची. प्लॅन पास होताना बिल्डरला मोकळी सोडावी लागलेली आणि मग ग्रामपंचायतीच्या ताब्यात गेलेली ती जागा. तिथं कुणी काही केलं नव्हतं, म्हणूनच तिथं बरंच काही होतं. कडुलिंबाची पाच-सहा झाडं, एक वाकडी बाभूळ, गुडघ्याएवढं गवत, आणि वृक्षारोपणाचे खड्डे. दर वर्षी खड्डे तेच, फोटो तेच, रोपं तेवढी नवी.

म्हस्कू आबा आपली चार शेरडं घेऊन तिथंच असायचे. एके काळी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायी फिरलेला माणूस. आता गावाबाहेरच्या वस्तीवर कांदा लावून बसलेला. दिवसभरात अंकिताशी आपुलकीनं बोलणारं ते एकच माणूस.

"पोरगी वाळलीय गं. शेळीचं दूध पाज."

"पीत न्हाई आबा."

"मग तू पी. तुझं बघून पिईल. करडू आईचं बघूनच चरायला शिकतंय."

ऋतिका गवतात फतकल मारून बसायची. घरात जरा चप्पल काढली की रडणारी पोर इथं अनवाणी पळायची. अंकिता नुसती बघत राहायची. तिचं माहेर निमोण्याचं, सासर दौंड तालुक्यात भीमेकाठी. दोन्हीकडं दारातून पाय बाहेर टाकला की रान. आपल्या लेकीला रान म्हणून दाखवायला एवढाच एक तुकडा आहे, हे तिला रोज नव्यानं कळायचं.

श्रावणात आबांनी बातमी आणली. "हितं गाळे व्हणार हायती. खंडू मेंबरनं इषय घातलाय ग्रामसभेत. मोबाइलची दुकानं, चायनीज, काय काय."

"आन् गाव गप बसलंय?"

"गावाला बी नकोच हाय. पण उलटा ठराव मांडायला सूचक लागतोय. उभं राहून नाव सांगायचं. अर्धं गाव खंडूची भावकी, उरल्यालं अर्धं त्याचं सोयरं. सरपंच अनुपमाताईंचा तर त्यो चुलत दीर. उद्या लग्नकार्याला एका पंगतीत बसायचंय. कोण वैर घेणार?"

अंकितानं बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज टाकला. भराभर अंगठे आले. शेजारच्या रश्मीनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. स्वातंत्र्यदिनाच्या ग्रामसभेला मात्र ती एकटीच गेली, ऋतिकाला काखेत मारून.

शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या होत्या. खंडूनं गाळ्यांचं सगळं गोड करून सांगितलं. पंचायतीला भाडं येईल, पोरांना धंदा मिळेल. अनुपमाताईंनी विचारलं, "ह्याच्या इरोधात कुणाला ठराव मांडायचाय का?"

माणसं छताकडं बघू लागली. अंकिता उठली. पोर खांद्यावर झोपलेली, म्हणून हळूच म्हणाली, "मला मांडायचाय. जागा मोकळीच ठेवा."

"ताई, तुमचं मत कुठंय?" खंडूनं हसतच विचारलं.

"दौंडकडं. सासरी."

"मग झाडं बी दौंडलाच लावा की!"

व्हरांडा हसला. ग्रामसेवकांनी नरमाईनं सांगितलं, "ताई, गावच्या मतदारालाच ठराव मांडता येतो. तुम्ही राहता इथं, पण कागदावर इथल्या नाही." मग त्यांनी माणसं मोजली, कोरम भरत नव्हता. विषय गांधी जयंतीच्या सभेवर गेला.

संध्याकाळी अंकिता दारोदार फिरली. इथं राहणाऱ्या एवढ्या माणसांत इथला मतदार एकही नव्हता. मत गावाकडंच ठेवायचं, ही सगळ्यांचीच रीत. कुणाचा चुलता उभा राहणार, कुणाच्या भावाला गरज. निवडणुकीला गावाहून गाडी येते, भरून नेते, आणून सोडते.

"मत काढून घेतलं तर गावात आपलं राहिलं काय गं?" रश्मी म्हणाली. "घर भावांचं, रान भावांचं. मत तेवढं माझं हाय."

अंकिताला ते पटलं, हीच तर अडचण होती. तिचा दीर भारत यंदा सासरच्या गावात पंचायतीला उभा राहणार होता. गेल्या दिवाळीपासून घरात तोच एक विषय. सम्राटला विचारलं तर तो बूट काढता काढता म्हणाला, "माझं न्हाई हलवायचं. तुझं तू बघ. पण आईला मी सांगणार न्हाई."

ऋतिका दुपारी झोपली होती तेव्हा तिनं मोबाइलवर अर्ज भरला. जुना पत्ता, नवा पत्ता. बटण दाबण्याआधी तिनं जुना पत्ता पुन्हा एकदा वाचला. लग्नात निमोण्याचं नाव सुटलं तेव्हा सोबत रडायला सगळं घर होतं. आज पंख्याची घरघर होती.

नाव इकडं लागलं आणि तिकडून कमी झालं. गाव म्हटल्यावर बातमी थांबते होय? सासूचा, धुरपदाबाईंचा फोन आला.

"अंकिते, खरं हाय का गं?"

"व्हय आत्या."

"एवढ्या मतांत एक गेलं तर काय भारत पडत न्हाई. पण बाया मला इचारत्यात, सून वायली निघाली का म्हणून. काय सांगू?"

"आत्या, हितं पोरीला खेळायला..."

"आमच्या अंगणाला काय झालंय?" धुरपदाबाई म्हणाल्या, आणि आवाज एकदम खाली आला. "नीट ऱ्हावा." फोन ठेवला.

गांधी जयंतीला व्हरांडा भरला होता. वस्तीवरच्या बाया आल्या होत्या, पुढं म्हस्कू आबांची बायको गिताबाई. अनुपमाताईंनी तोच प्रश्न विचारला. अंकिता उठली. ह्या वेळी ऋतिका जागी होती आणि तिचं मंगळसूत्र ओढत होती.

"मी अंकिता. बोरमाळची मतदार. बिल्डिंगमागची जागा बाग म्हणूनच ठेवावी, तिथं बांधकाम करू नये, असा ठराव मांडते."

"कवापासून बोरमाळची?" मागून खंडूचा आवाज.

"गेल्या महिन्यापासून, भाऊ."

"गावात तुमचं कोण हाय?"

"कुणीच न्हाई," अंकिता म्हणाली. "म्हणून तर उभी राहिले. ज्यांचं कुणीतरी हाय त्यांना उभं राहवंना."

कुणीतरी फिसकन हसलं, पण ह्या वेळी ते हसू तिच्यावर नव्हतं. गिताबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "माझं आनुमोदन लिवा. सूचक बाई मिळाली, आता कशाला वाट बघायची?" मग हात वर झाले. आधी वस्तीचे, मग कडेकडेचे, मग खंडूकडं न बघता त्याच्याच आळीतले काही. ग्रामसेवकांनी पेनच्या टोकानं मोजले. ठराव मंजूर झाला. अनुपमाताईंनी खाली बघून सही केली, आणि सही करताना त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं जरा हललं, असं अंकिताला वाटलं.

बाहेर सगळे आपापल्या माणसांबरोबर घरी निघाले. गिताबाईंनी ऋतिकाच्या गालावरून हात फिरवला आणि त्याही वस्तीच्या बायांत मिसळून गेल्या. अंकिता बिल्डिंगकडं आली. ग्रुपवर "ठराव झाला" असं टाकलं. अंगठे आले.

बोरमाळची निवडणूक अजून लांब होती, पण गावाकडच्या पंचायतींचं मतदान होतं त्या रविवारी उजाडायलाच खाली हॉर्न वाजू लागले. लातूरची गाडी, बीडची गाडी, दौंडची गाडी. नवे शर्ट, गजरे, डबे. रश्मी पोरांना घेऊन धावतच खाली गेली. दौंडच्या गाडीत पुढं भारत बसला होता. त्यानं वर गॅलरीकडं बघितलं. अंकितानं हात केला. त्यानं मान हलवली, तेवढीच.

"चल की नुसती, आईला भेटून येऊ," सम्राट दारात म्हणाला.

"मतदानाच्या दिवशी, मत नसताना? बाया बघतील, आत्यांना आणखी लागंल. तुम्ही जावा. त्यांना म्हणावं, अंकितानं इचारलंय."

गाड्या गेल्या. चारही बिल्डिंगा जवळजवळ रिकाम्या झाल्या. लिफ्टचा आवाज नाही, कुकरची शिट्टी नाही.

ती ऋतिकाला घेऊन माळावर आली. ठरावानंतर पंचायतीनं कडेनं तारेचं कुंपण घातलं होतं आणि फाटकावर पाटी लावली होती: सार्वजनिक उद्यान. पाटीवर सरपंचांचं नाव होतं, खंडूचंही होतं. आबा आज आले नव्हते. बागेत शेरडं न्यायची नाहीत, असं आता त्यांना सांगितलेलं होतं. हे तिला आधी सुचलंच नव्हतं.

ऋतिका गवतात पळत गेली, थांबली, चारी बाजूंनी बघितलं.

"आबा?"

"आबा तिकडं हायत, वस्तीवर."

"जाऊ?"

अंकितानं वस्तीकडं बघितलं. लांब होतं, मधे नांगरलेलं रान होतं. तिनं पोरीच्या चपला हातात घेतल्या, तिला कडेवर बसवलं आणि फाटक लावून घेऊन ती ढेकळांतून चालू लागली.