दोन रेघांखाली दडलेला ताप

मी बायकांच्या वॉर्डातली जुनी नोंदवही आहे, मित्रांनो. पाठीची शिवण उसवलीय, कोपऱ्यांवर आयोडीनचे डाग आहेत. दमलेय आता. पण मोठमोठे डॉक्टर माझ्यापुढे मान खाली घालूनच उभे राहिले, हे सांगून ठेवते. वाचायचं तर दुसरा इलाज नव्हता.

माझ्यात रोज खाट, ताप आणि औषध लिहीत. पन्नास खाटा, दोन सिस्टर. धाकटी सिस्टर कालच्या औषधाखाली दोन तिरक्या रेघा ओढायची. म्हणजे वरचंच. औषध बदललं तरी सवयीने रेघाच. थोरल्या सिस्टर मात्र सगळं लिहायच्या : ‘तीन दिवस दिलं, ताप हटला नाही, बदललं.’

“अहो बाई, कादंबरी लिहिताय का?” धाकटी विचारायची.

“हो. त्यात एक आळशी पात्र आहे. ओळख पाहू कोण ते.”

थोरल्या निवृत्त झाल्या, माझी पानं भरली. मला कपाटावर टाकलं, वर रिकाम्या बाटल्यांचं खोकं. कुणी विचारलं नाही. मीही विचारा म्हटलं नाही.

मग आठव्या खाटेवरची बाळंतीण तापाने फणफणली. टाके चिघळले होते. तिच्या जंतूंवर कोणतं अँटिबायोटिक चालेल, हे लॅब तीन दिवसांनी सांगणार. तेवढे दिवस काढायची ताकद तिच्या अंगात नव्हती. अशा जखमांना आधी काय लागू पडलं ते बघायला डॉक्टरीणबाईंनी मला खाली ओढलं.

रेघांच्या पानांवर नेहमीच्या औषधाने झाडून सगळ्या बऱ्या झालेल्या. बाईंनी तेच लिहायला पेन उचललं. माझा जीव टांगणीला. तेवढ्यात त्यांनी आणखी एक पान उलटलं. थोरल्यांचं अक्षर. तिथे अकराजणींपैकी आठजणींचा ताप त्याच औषधाने हटला नव्हता.

“मग या रेघांच्या पानांवरच्या सगळ्या बऱ्या कशा झाल्या?” बाईंनी विचारलं.

धाकटी खाली बघत म्हणाली, “मॅडम, त्यांचंही औषध बदललं होतं. मी रेघाच ओढत गेले.”

बाईंनी थोरल्यांच्या पानावरचं दुसरं औषध लिहिलं. तिसऱ्या दिवशी लॅबचा रिपोर्ट आला : नेहमीचं औषध निकामी, हेच चालेल. चौथ्या दिवशी बाळंतिणीने बाळाला जवळ मागितलं.

मला नवा पुठ्ठा नको, मित्रांनो. माझ्या जागी आलेल्या वहीत जे घडलं ते पुरतं लिहा, एवढंच. कंटाळा येतो, ठाऊक आहे. मलाही त्या नोंदी वाहताना आलाच.

धाकटी आता पुरतं लिहिते. हात दुखतो म्हणून कुरकुरते, आणि लिहिते.