घाटावरची पणती

उज्जैनच्या फ्रीगंजात एकेकाळी लोक छातीठोकपणे सांगत, की आल्हाद बुधकरनं माऊसचं बटण इतकं दाबलं, इतकं दाबलं, की त्याच्या तर्जनीला सुपारीएवढा घट्टा पडला. वडिलांच्या श्राद्धाला तो राम घाटावर गेला, तेव्हा पंडाजींनी दर्भ द्यायला त्याचा हात धरला आणि चाचपून विचारलं, "क्यों भैया, सितार बजाते हो?"

"नहीं पंडाजी, ताले खोलता हूँ."

पंडाजींनी हात सोडला आणि आधी स्वतःची दक्षिणेची थैली मांडीखाली सरकवली.

तसं पाहिलं तर आल्हाद शाळेत चित्रकलेचा मास्तर. कुलपं उघडायचा ती पडद्यावरची. त्या काळी कॉम्प्युटरवर एका जातीचे खेळ येत. पडद्यावर चित्र यायचं, एखादा बोळ, एखादं जहाज, एखादी अडगळीची खोली. बाण नेऊन एखाद्या वस्तूवर टिचकी मारायची, ती झोळीत टाकायची, वाटेत भेटेल त्याच्याशी चार शब्द बोलायचे आणि डोकं चालवून पुढचं दार उघडायचं. ना बंदूक, ना धावपळ. एकाच दारासमोर आठवडाभर उभे राहा, मागून कुणी "चलो, आगे बढ़ो" म्हणत नसे. कायदा एकच होता, दिसेल ते उचला. दोरीचा तुकडा असो की मेलेला उंदीर, पुढे कशाची गरज पडेल काय सांगावं!

हा कायदा आल्हादच्या असा हाडीमाशी खिळला, की लग्नाच्या पंगतीतून तो सुतळ्या, बाटल्यांची बुचं आणि एकदा तर वरपक्षाचा अडकित्ता खिशात घालून आला. त्याची बायको सुलू टावर चौकात एका कापडाच्या दुकानावर कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. दर रविवारी ती त्याचे खिसे उलटे करायची. "अहो, या घरात आपण राहायचंय की तुमच्या झोळीनं?"

या खेळांचं वेड मात्र दोघांनाही सारखंच. समुद्रातले चाचे झाले, गोरे गुप्तहेर झाले, भुताचे बंगले झाले. मग एक दिवस सुलूच म्हणाली, "आपल्या गावात काय कमी भुतं आहेत? आपणच करू एक. मराठीतून."

आणि केला. चित्रं आल्हादनं काढली, बाकी सगळं सुलूनं. गोष्ट तिची, कोडी तिची, मशीनला समजावून सांगणंही तिचंच. टावरच्या घड्याळाचा तास काटा चोरीला गेलाय, म्हणून उज्जैनमधली वेळच थांबलीय. कचोऱ्या कढईत तशाच तरंगताहेत, स्टेशनात गाडी अर्धी शिरून उभी आहे. झोळीवाल्या नायकानं काटा शोधायचा. आवाज द्यायला सुलू रजयांच्या कपाटात माईक घेऊन बसायची. तरी खालच्या टेंपोचा भोंगा आत शिरायचाच. खरी गंमत होती चुकण्यात. भलत्या जागी टिचकी मारली, की सुलू रागवायची. भिंतीवर मारली तर, "अहो, भिंतीला काय विचारता? तिला कान असतात, तोंड नसतं." गाईवर मारली तर, "तिला राहू द्या, ती विचार करतेय."

सीडी घेऊन दोघं इंदूरला एका मोठ्या व्यापाऱ्याकडे गेले. त्यानं पान चघळत पाहिलं.

"मैडम, सब बढ़िया है. पर इसमें गोली कब चलती है?"

"गोली नहीं चलती."

"तो चलता क्या है?"

"दिमाग़," सुलू म्हणाली.

व्यापारी मनापासून हसला. माणूस वाईट नव्हता. "वो माल अब कोई उठाता नहीं, मैडम. ज़माना गोली का आ गया."

परतताना बसमध्ये सुलू सीडी मांडीवर धरून खिडकीबाहेर पाहत होती. आल्हाद म्हणाला, "जाऊ दे गं. ठेवून दे माळ्यावर." आणखी काही म्हणावं असं त्याला सुचलं नाही. खेळ चांगला झालाय हे काय सांगायचं, अर्धा तर त्याचाच होता.

व्यापाऱ्याचं मात्र खरं ठरलं. बघता बघता सायबर कॅफेतून धडाधड आवाज येऊ लागले. पोरं खुर्चीत बसल्या बसल्या एकमेकांना ठार करायची आणि मग एकत्र कचोरी खायला जायची. तसले शांत खेळ करणाऱ्या परदेशातल्या कंपन्या एकेक करून गळाल्या. दारासमोर उभं राहून विचार करायला कुणाला सवड उरली नाही. पुढे खेळ फोनमध्ये शिरले. सुलूच्या क्लासची पाटी उतरली. आल्हादच्या बोटाचा घट्टा हळूहळू मऊ पडत गेला आणि एक दिवस पाहतो तर नाहीच.

त्या वेळी इंदूरहून आल्यावर सुलू काही दिवस दुपारचं दार लावून कपाटात बसायची. मग तिनं नवी सीडी भरून आणली. "शेवट बदललाय. एकदा पूर्ण खेळून बघा हो."

"बघतो गं. चित्रं मीच काढलीत, मला काय नवीन आहे त्यात?"

असं ती कितीदा म्हणाली असेल आणि तो कितीदा "बघतो" म्हणाला असेल. मग मशीन बिघडलं. मग ईरा झाली, तिची शाळा, तिचं कॉलेज, पुण्याची नोकरी. आणि गेल्या वर्षी दवाखान्यात, नाकात नळी असताना, सुलूनं पुन्हा तोच विषय काढला.

"तो खेळ तेवढा संपवा. शेवटी मी काहीतरी बोललेय."

"मग आत्ताच सांग ना."

सुलूनं डोळे मिटून मान हलवली. "कोड्याचं उत्तर सांगायचं नसतं."

तिचं ते शेवटचं धड वाक्य. त्यानंतर आल्हादला जगात एकच काम उरलं होतं, ते वाक्य ऐकायचं. पण सीडी हातात होती आणि ती चालवेल असं मशीन साऱ्या उज्जैनमध्ये उरलं नव्हतं. दुकानातली पोरं सीडी उलटीसुलटी करून म्हणायची, "अंकल, ये तो म्यूज़ियम में दे दो."

वर्षश्राद्धाला ईरा पुण्याहून आली. तिनं लॅपटॉपला बाहेरून सीडीचा डबा जोडला, कुठूनसा एक प्रोग्रॅम उतरवून घेतला. "बाबा, हा प्रोग्रॅम नव्या मशीनला म्हातारं असल्याचं सोंग घ्यायला लावतो."

"मला शिकव. मला उलटं हवंय."

ईरा हसली, आणि तेवढ्यात पडद्यावर टावर उभा राहिला. आल्हादनं काढलेला, जरा डावीकडे कललेला. त्यानं पहिली टिचकी मारली ती नेमकी भिंतीवर.

"अहो, भिंतीला काय विचारता? तिला कान असतात, तोंड नसतं."

ईराच्या हातातला माऊसचा खोका खाली पडला. आल्हादनं पुन्हा भिंतीवर टिचकी मारली. मग गाईवर. मग पुन्हा भिंतीवर. ईरा स्वयंपाकघरात गेली, कणीक मळून आली, तरी आईचं रागावणं चालूच.

"बाबा, पुढे जा ना."

"जातो गं. गाईला विचारून जातो."

दोन दिवस हेच चाललं. तो पुढे सरकायचा, पण आंधळा भिंत चाचपत जातो तसा. प्रत्येक दगडावर, प्रत्येक खांबावर टिचकी. बरोबर उत्तर देणाऱ्याला सुलू फार काही बोलत नसे, चुकणाऱ्याशी भरपूर बोलायची. आयुष्यात पहिल्यांदा आल्हादला आपण चुका करण्यात हुशार आहोत याचं बरं वाटत होतं. हाताला लागेल ते झोळीत टाकणं तर चालूच होतं. छत्रीची काडी, पोस्टाचा डिंक, राम घाटाच्या पायरीवर कुणी लावून ठेवलेली पणती, एक फुटका भोंगा.

आणि मग शेवटचा देखावा आला. पुन्हा राम घाट, पण काळोखात बुडालेला. आल्हादनं बाण फिरवला.

"अंधार आहे. काही दिसत नाही," सुलू म्हणाली.

त्यानं झोळीतली एकेक वस्तू लावून पाहिली. डिंक. भोंगा. छत्रीची काडी. अंधार आहे, काही दिसत नाही. शेवटी त्यानं पणती काढली आणि त्या काळोखावर टेकवली.

सुलू हसली. कपाटात बसून, ओठ दाबून हसायची तशी. "विझली ती. झोळीत टाकल्यावर विझणारच. नदीला वाहिलेला दिवा कुणी उचलतं का हो? पण मला माहीत होतं, तुम्ही उचलणार."

आल्हाद हसायला लागला. हसता हसता त्याच्या चष्म्यावर पाणी आलं. घाटावर जन्म गेलेला माणूस. रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं, की पायरीवरच्या दिव्याला हात लावायचा नाही. पण चित्रातली पणती दिसल्यावर त्याच्या बोटाला घाट आठवला नाही, झोळी आठवली. हे कुलूप सुलूनं दुनियेसाठी बसवलंच नव्हतं. ते एकाच माणसाच्या खिशाच्या मापानं घडवलेलं होतं.

"म्हणजे गेम अटकला?" ईरानं विचारलं.

"अटकला. पुन्हा पहिल्यापासून."

ईरा बाजारात जायला निघाली होती. दारात थांबून म्हणाली, "बाबा, मी त्यातल्या आवाजाच्या फाइल्स शोधून काढू शकते. सरळ शेवटचं ऐका."

आल्हादनं मान हलवली. "नको. उत्तर चोरलेलं तिला चालायचं नाही."

ती गेल्यावर त्यानं खेळ पहिल्यापासून सुरू केला. आता सगळी उत्तरं ठाऊक होती, म्हणून सुलू जवळजवळ गप्प होती. तो भराभर चालला. राम घाटावर आला. पायरीवर पणती मिणमिणत होती. बाण तिच्यावर गेला आणि बोट शिवशिवलं. त्यानं माऊसवरचा हात उचलून मांडीखाली दाबून धरला, श्वास घेतला, आणि पणतीला वळसा घालून पुढे गेला.

शेवटचा देखावा आला. काळोख होताच, पण मधोमध पणती जळत होती. तिच्या उजेडात पायरीवर एक बाई पाठमोरी बसली होती. आल्हाद पुढे झुकला. ते चित्र त्याचंच होतं. एका दुपारी निवडण-टिपण करत बसलेल्या सुलूला त्यानं मागून काढलं होतं, पाठमोरी, कारण चेहरा त्याला कधी जमला नाही. कागद रद्दीत गेला असं तो समजत होता. सुलूनं त्यात एकच भर घातली होती. बाईच्या अंबाड्यात टावरचा तास काटा खोवलेला होता.

त्यानं बाईवर टिचकी मारली. खाली चार ओळी उमटल्या. या खेळांत नायकानं काय बोलायचं ते असं लिहून येतं, त्यातलं एक निवडायचं.

खेळ छान झालाय, सुलू.
दमलीस का गं?
आज चहा मी करतो.
येतो.

आल्हाद त्या ओळींकडे बघत राहिला. त्यातलं शेवटचं तेवढं तो रोज म्हणायचा. वरचं एकही कधी म्हणाला नव्हता. सुलूनं त्याच्या वतीनं लिहून ठेवलं होतं, आणि कोडं सोडवून तो इथवर पोचायची ती वाट बघत बसली होती. पाठ करून.

त्यानं पहिली ओळ मोठ्यानं वाचली आणि टिचकी मारली.

"आत्ता सुचलं?" सुलू म्हणाली. आवाज हसरा होता. "बरं. सुचलं ना."

ओळ करडी पडली. या खेळांत एकदा विचारलेलं पुन्हा विचारता येत नाही.

"दमलीस का गं?"

बराच वेळ नुसती खरखर. कुठेतरी टेंपोचा भोंगा. "थोडी. पण इथवर आलात, बरं वाटलं."

"आज चहा मी करतो."

"तुम्ही? साखरेचा डबा कुठे आहे, ते तरी माहीत आहे का?"

माहीत होता. एक वर्षापासून माहीत होता. त्यानं तसं सांगितलंही, मोठ्यानं, पण पडद्यावर तशी ओळ नव्हती. तिन्ही ओळी करड्या पडल्या होत्या. उरली होती एकच. पणती जळत होती, बाई पाठमोरी बसली होती. हवं तितकं थांबा, हा खेळ कधी कुणाला घाई करत नसे. दुपार कलली. भिंतीवरचं ऊन कॅलेंडरपर्यंत गेलं. मग त्यानं हलकेच टिचकी मारली.

"येतो."

"या. दिवा राहू द्या तिथंच." चित्रातल्या बाईनं अंबाड्यातला काटा काढून मागे धरला. दूर टावरचा टोला पडला. सुलू पुढे काहीतरी म्हणायला लागली, "आणि अहो, एक सांगायचं..."

तेवढ्यात मागून, कपाटाच्या बाहेरून, एक तरणा, चढा, उतावळा आवाज आला. "सुलू! अगं चहा होतोय का आज?"

हा कोण आडदांड, असं आल्हादला क्षणभर वाटलं.

"आले हो, आले!" सुलू म्हणाली. माईक ठेवल्याचा खट्ट आवाज झाला. बांगड्या वाजल्या. कपाटाचं दार करकरलं. पडदा काळा झाला.

ईरा पिशव्या घेऊन दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिनं घसा खाकरला.

"बाबा, चहा टाकू?"

आल्हादनं काळ्या पडद्यावरची नजर न हलवता हात वर केला.

"नको. आई टाकतेय."