उजवीकडची फळी

धाकट्याची एक खोड आईला आठवडाभर खुपत होती. घरात मामा येवो की मित्र येवो, त्याला तो टीव्हीसमोर डावीकडेच बसवायचा. "तुम्ही पाहुणे, इथे पंख्यासमोर बसा," म्हणायचा आणि स्वतः उजवीकडे. मग टीव्हीला ते नवं खेळाचं खोकं जोडायचं. दोघांनी एकेक गोल मूठ फिरवायची की पडद्यावर दोन पांढऱ्या फळ्या वरखाली व्हायच्या, मधे चेंडूचा ठिपका. जो आला तो हरून गेला. आईला प्रश्न पडायचा, ज्याने जन्मदात्रीला कधी पाण्याचा पेला उचलून दिला नाही, त्याच्या अंगात हे आदरातिथ्य आलं कुठून?

आज मात्र डाव पुढच्या खोलीसाठी होता. रस्त्याकडे उघडणारी तेवढी एकच खोली. तिथे मोठ्या मुलीचं शिवणयंत्र होतं, बारा वर्षं जोडलेलं गिऱ्हाईक होतं. धाकट्याला तिथे खोकं मांडून लोकांना खेळवायचं होतं. आठवडाभर दोघांची जुंपली होती. शेवटी तोच म्हणाला, "पंधरा गुणांचा डाव. जिंकेल त्याची खोली. यंत्राला ना बहीण ना भाऊ." मोठी हट्टाला पेटून हो म्हणाली, आणि आईनेही शब्द दिला. तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आता तीच रेघ तिच्या अंगाशी आली होती.

खोक्याला गुण मोजता येत नव्हते. कापडावर आखायच्या खडूने आई दारावर रेघा ओढत होती. शाळा दुसरीत सुटली, पण मोजामापात तिला अजून कुणी फसवलं नव्हतं.

धाकट्याचे बारा, मोठीचे दहा.

"ताई, सोड गं. हे काही काजं-बटणं नव्हे."

"तोंड आवर आणि चेंडू बघ."

धाकट्याचे चौदा, मोठीचे बारा. मोठीचा घाम हनुवटीपर्यंत आला. तिची डावीकडची फळी चेंडूपाशी पोचायची, आणि चेंडू टोकावरून निसटायचा. दरवेळी केसभर. जिची शिवण आयुष्यात कधी रेघेबाहेर गेली नाही, तिचा अंदाज दरवेळी चुकतो?

आई उठली. मोठीच्या गळ्यातली मापाची टेप ओढून तिने टीव्हीच्या काचेवर धरली.

"आई, बाजूला हो ना! दिसत नाहीये!"

"मलाही आत्तापर्यंत दिसत नव्हतं."

उजवी फळी दोन इंच लांब. डावी एकच.

धाकट्याचा हात हळूच खोक्यामागच्या, फळ्यांची लांबी बदलणाऱ्या बारीक बटणाकडे सरकला. आईने मनगट पकडलं. "हात पुढे. मुठी बदला. गुण ज्याचे त्याचे, दारावर आहेत."

"मला एकच हवाय," तो हसला, पण हसू ओठांवरच वाळलं.

मोठीने एक घेतला. मग आणखी एक. चौदा-चौदा. आईच्या बोटांत खडूचा भुगा झाला. चेंडू फळीला लागला की खोकं टक् करायचं. टक्. टक्. टक्. धाकट्याने मूठ गरकन फिरवली, फळी धावली...

टक् झालंच नाही. चेंडू केसभराने निसटला होता.

मोठीने मूठ खाली ठेवली आणि ती भिंतीला डोकं टेकून बसली.

"फळ्या सारख्या असत्या तरी मी जिंकलो असतो," धाकटा पुटपुटला.

"असतास! म्हणून तर जास्त राग येतोय," आई म्हणाली. "अंगात धमक असून चोरी करणाऱ्याला मी चोरही म्हणत नाही, मूर्ख म्हणते. खोली हिची. तुझं खोकं मागच्या खोलीत मांड. आणि यापुढे येईल त्याला उजवीकडे बसवायचं, लहान फळी तुझी. तशी सगळ्यांना हरवशील तेव्हा माझ्याशी खोलीचं बोल. आणि पाहुण्याला पंखा हवा असला, तर तो उचल आणि ठेव तिकडे!"