पत्र्याचं पोट

बेकरीत पाव घ्यायला आलेली गर्दी पाव विसरून भिंतीकडे बघत होती. भिंत कसली, भट्टी आणि दुकान यांच्यामधला पोलादी पत्रा! त्याला चांगलं पोट सुटलं होतं.

"कैलासवासी मालक कोपलेत!" बुवांनी डोळे मिटून जाहीर केलं. "सुनेचा हात भट्टीला लागलेला त्यांना सोसवत नाही. भट्टी विझवा!"

भट्टी विझली. बुवा तासभर पुटपुटले. आणि धडाम्! पोट आत गेलं. लोकांनी हात जोडले. सासूबाईंच्या अंगावर काटाच आला. मालक, म्हणजे त्यांचा नवरा, वारल्यावर सुनेने भट्टी हाती घेतली, तेव्हापासूनच तर हे सुरू झालं होतं.

"हिला माहेरी धाडा," बुवा म्हणाले. "माझा भाचा बसवा भट्टीवर. हात पवित्र आहे त्याचा."

सासूबाईंचा जीव तुटला. पोरगी गुणाची होती, पण मेलेल्या माणसाशी भांडणार कोण?

"बाई गं, उद्या सामान बांध," त्या कशाबशा म्हणाल्या.

"जाते, आई. पण आधी बुवांनी भट्टी पेटती ठेवून शांत करावं. मामंजींचा जन्म भट्टीपुढे गेला. त्यांना आगीचं कसलं वावडं?"

दुसऱ्या दिवशी भट्टी धडधडत होती. बुवांना घाम फुटला, पत्र्याला पाझर फुटेना.

"बुवा, पाणी आणू का?" सासूबाईंनी काळजीने विचारलं.

मग सुनेने पत्र्यावर टेकलेल्या माळ्यावरची मैद्याची पोती उतरवून घेतली आणि पत्र्याच्या कडांचे बोल्ट थोडे सैल केले. धडाम्!

"पोचला माझा मंत्र!" बुवा ओरडले.

"मग आता मंत्राने परत फुगवून दाखवा," सून म्हणाली. गर्दीत हशा पिकला. "आई, तापलं की पोलाद पसरतं. कडा आवळलेल्या, वरून पोत्यांचा भार, मग ते जाणार कुठे? पोट काढतं. भट्टी विझली की निवतं आणि आत जातं. बुवा असोत नसोत."

पोती पूर्वी इतकी कुठे होती? सुनेच्या हाताला चव, म्हणून गिऱ्हाईक वाढलं, म्हणून तर माळा भरला! सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"निघा, बुवा," त्या कडाडल्या. "हे रागावले की अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. पत्र्याआडून कुरकुरणारा माणूस नव्हता तो!" मग त्या गर्दीकडे वळल्या. "आणि तुम्ही हात जोडण्याआधी एवढं विचारत जा, बुवा नसताना काय होतं? मी तेवढं विचारलं नाही, आणि सोन्यासारखी पोर घराबाहेर काढायला निघाले होते."