विरलच्या गळ्यातला हार

पेटलादच्या उमंग स्टुडिओत डाहीबेननं पाकिटातून फोटो बाहेर काढला आणि डोळ्यांजवळ धरला. दोन वेगळे फोटो जोडून स्टुडिओवाल्या रजनीभाईनं मायलेकांना शेजारी उभं केलं होतं. जोडकाम अगदी बेमालूम! पण लेकाच्या, विरलच्या, गळ्यात चंदनाचा हार होता आणि पायाशी दिवा तेवत होता.

"मेल्या, माझा पोरगा जिवंत आहे! अमेरिकेत मोटेलवर कामाला आहे!"

रजनीभाईचं तोंड उतरलं. दोन फोटो जोडायला आले की त्यातलं एक माणूस देवाघरी गेलेलं, हा त्याचा धंद्यातला ठोकताळा. हार, दिवा तो न सांगता घालून द्यायचा.

"विचारायचं तरी होतंस!"

"जीभ रेटली नाही, मासी."

बाकावर बसून ती विरलला फोन लावत राहिली. रिंग वाजायची, उचलत कुणी नव्हतं. आपल्याकडे दुपार म्हणजे तिकडे मध्यरात्र, हे नऊ वर्षांत तिला पाठ झालेलं. पण मन चिंती ते वैरी न चिंती. दारू पिऊन येणारी गिऱ्हाइकं, बातम्यांत ऐकलेला गोळीबार, सगळं एकदम आठवायला लागलं. असला अपशकुन आपण स्वतःच्या हातानं करवून घेतला!

"आत्ता काढतो हार, मासी. पाणी घ्या."

"पण तुला असं वाटलंच कसं रे?"

रजनीभाई चाचरत म्हणाला, "फोटो देताना तुम्ही किती रडलात! जित्या पोरासाठी कुणी तसं रडतं का?"

विरलचे तिकडे कायम राहायचे कागद झाले नव्हते. एकदा इकडे आला असता तर परत तिकडे जाणं बंद. बापाला अग्नीसुद्धा पुतण्यानं दिला होता. खरंच, जित्या पोराचं सुतक ती इतकी वर्षं पाळत आली होती.

फोन वाजला. विरलच होता; आईला तो गुजराती रीतीनं 'बा' म्हणायचा.

"बा, काय झालं? किती फोन! झोपलो होतो मी."

ती हमसून रडली. मग एकदम चिडली.

"येतोस कधी?"

"कागद झाले की, बा. तुला माहितीये ना."

"खड्ड्यात गेले कागद! आज तुझ्या फोटोला हार बघितला मी. माझ्या फोटोला चढायच्या आत ये."