डावीकडून तिसरा

ओत्ताविओ ब्रुनेरो डोक्यावरच्या टोपीसकट चित्रात घुसला.

कॅमेऱ्याची मूठ गरगरत होती, बॅबिलोनचं देऊळ कोसळायच्या बेतात होतं, आणि तुरीनचा हा म्हातारा नेपथ्यकार प्लास्टरने माखलेल्या जाकिटात खांबापुढे हात पसरून उभा.

"बाचीचा, हात काढ! शिवू नकोस त्याला!"

खांबाला खांदा लावलेला बाचीचा दचकून मागे सरला. जेनोव्हाच्या गोदीत गोण्या वाहणारा हा गडी आज देऊळ पाडणारा वीर होता.

दिग्दर्शक कालोस्सो तणतणत आला. "डोकं फिरलंय का तुझं? ऊन फुकट चाललंय माझं!"

"हा खांब नव्हे. ह्याच्यावर सज्जा आहे."

वर सज्ज्यात पुजाऱ्यांच्या झग्यांतली वीस-पंचवीस माणसं पाय हलवत बसली होती. गल्लीतलीच सगळी.

"डावीकडून तिसरा. तूच सांगितलंस!"

"माझ्या डावीकडून," ब्रुनेरो पुटपुटला.

त्याची उभी हयात ऑपेराच्या रंगमंचावर गेली होती. तिथे डावं म्हणजे गाणाऱ्याचं डावं. सिनेमावाले कॅमेऱ्यामागून मोजत. रंगवलेले पडदे फेकून खऱ्या उंचीची देवळं उभारायला त्यानेच सगळ्यांना शिकवलं, रोमहून लोक बघायला येत. पण जीभ मात्र जुन्या वळणाचीच राहिली. त्यात खांब एकमेकांसारखे इतके हुबेहूब केलेले की ओळखायला वावच नाही. ह्याचा त्याला केवढा तोरा होता!

"बरं, सापडला ना तुझा खांब? मग बाजूला हो," कालोस्सो म्हणाला. "बाचीचा, पलीकडे जा. नीट अंदाज घे."

बाचीचा पलीकडच्या टोकाकडून तिसऱ्या खांबाशी गेला. त्याने हलकेच रेटा दिला. मग जोरात दिला. मानेच्या शिरा फुगल्या.

"मास्तर, हा ढिम्म आहे. मघाचा तर जरा हलला होता."

ब्रुनेरो मघाच्या खांबाकडे वळला. पाडायच्या खांबातलं लाकूड सकाळीच करवतीने कापून ठेवलं होतं. सुताराला खांब सांगितला होता त्यानेच, तोंडी. आणि सुतार सिनेमातला होता, कॅमेऱ्यामागून मोजणारा.

सज्ज्याखालच्या खांबातून पिठासारखी भुकटी गळत होती.

"बाचीचा," त्याने हळू हाक मारली, "इकडे ये, बाबा. ह्याला मिठी मार. ढकलू नकोस. नुसता धर."

बाचीचाने एकदा वर पाहिलं आणि काही न विचारता खांब कवटाळला. कालोस्सोने गळती भुकटी पाहिली. मग तोही जाऊन खांबाला पाठ लावून उभा राहिला.

ब्रुनेरोने टोपी काढली. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"वरच्यांनो, जेवणाची सुट्टी! जिन्याने या. एकेक जण. धावू नका."

"इतक्यात?" कठड्यावरून एक बाई वाकली. "मेली भूक तरी कुठे लागलीय!"

"लागेल, मावशी," ब्रुनेरो म्हणाला. "या तुम्ही."